गिरगावात, मॅजेस्टिकच्या जागेवर

आम्हा कोल्हापूरकरांना सिनेमाचं वेड घरातूनच मिळतं. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ बघत लहानाचे मोठे झालो. पण पहिला मराठी बोलपट मानला जाणारा, कोल्हापुरात ‘प्रभात’ने काढलेला ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ ला झळकला तो मुंबईत, गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात. त्या जागेवर एकदा जाऊन यायचं, हे किती तरी वर्षं मनात होतं. गेल्या महिन्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी मुंबईत उतरलो.

चर्नी रोडहून चालत निघालो. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर आलो आणि समोर ‘मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर’ची पाटी दिसली. थिएटर पाडून ही इमारत उभी राहिली, हे ठाऊक होतं, तरी पाटी वाचताना आत काहीतरी हललं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काकांना विचारलं, “इथेच होतं ना थेटर?” ते म्हणाले, “हो, हेच. आता नाव तेवढं राहिलंय.”

नाव मात्र चिवट. केशवराव कोठावळ्यांनी इथेच पुस्तकांचा स्टॉल टाकला, त्यालाही हेच नाव दिलं. पुढे मराठी पुस्तकांच्या दुनियेत ‘मॅजेस्टिक’ घरोघरी पोचलं. माझ्या कपाटातल्या कितीतरी पुस्तकांवर हे नाव आहे, पण त्याचं मूळ एका थिएटरात आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मी बराच वेळ तिथे फुटपाथवरच उभा होतो. १४ मार्च १९३१. ‘आलम आरा’, हिंदुस्थानातला पहिला बोलपट, इथे लागला. तो काढला अर्देशीर इराणींनी. ते आणि अब्दुलअली युसुफअली हे दोघे भागीदार, थिएटरही त्यांचंच. पोस्टरवर जाहिरात होती, ‘७८ मुर्दे इन्सान जिंदा हो गए, उनको बोलते देखो’. सकाळपासून रस्ता माणसांनी फुलला, खुद्द मालकांनाच आत शिरायला मारामार झाली. रांगेत उभं राहायची पद्धत तेव्हा नव्हती, लोक थेट खिडकीवर तुटून पडले. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना जाऊ लागलं. पोलीस बोलवावे लागले. ज्यांनी तोवर पडद्यावर फक्त ओठ हलताना पाहिले होते, त्यांना आत जाऊन माणसाचा आवाज ऐकायचा होता. ती धडपड मला अगदी जवळची वाटते.

नायक होता मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेला, मूकपटांचा मोठा स्टार. ‘आलम आरा’साठी त्याने जुन्या कंपनीचा करार मोडला, कोर्टकचेरी झाली, त्याची बाजू मांडायला बॅरिस्टर जिना उभे राहिले. पण त्याची उर्दू कच्ची. बोलपटाच्या नायकाला बोलणंच कमी दिलं! मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटतं. गडी आमच्याकडचा, आणि ज्या नव्या युगाच्या दारात तो पहिला उभा राहिला, ते युग त्याचं झालं नाही. वर्षभरात याच पडद्यावर ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोटे तारामती होऊन स्वच्छ मराठीत बोलल्या. त्यांचं बालपण गेलं ते कांदेवाडीत, इथून हाकेच्या अंतरावर.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही. थिएटर नाही, फिल्मही नाही. काही छायाचित्रं तेवढी आहेत.

म्हणून परतीच्या आधी केनेडी ब्रिजवर गेलो. पुलाशेजारी ज्योती स्टुडिओ होता, ‘आलम आरा’ तिथलीच. स्टुडिओ ध्वनिबंद नव्हता आणि लोहमार्ग अगदी खेटून. आवाज चित्रासोबतच टिपला जायचा, त्यामुळे गाडीची धडधड आली की शॉट वाया. म्हणून लोकल बंद झाल्या की माइक झाडाआड, सामानाआड लपवायचे आणि पहाटेची पहिली गाडी यायच्या आत काम उरकायचं.

कठड्याला हात टेकून उभा होतो. खालून चर्चगेटची लोकल गेली, हाताखालचा दगड थरथरला. मागोमाग विरारची आली. दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम मिनिटभर शांतता मिळाली, तेवढ्यात पुलावरच्या कुणाचं तरी फोनवरचं बोलणं मला शब्द न् शब्द ऐकू आलं.