तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसा प्रवासी, रात्री माल

‘खाली बॅटरी आणि मोटर असलेला एकच सपाट तळ, त्यावर दिवसा प्रवाशांची आणि रात्री मालाची पेटी, इतकी साधी विजेची गाडी तुम्ही अजून रस्त्यावर का आणली नाहीत?’ हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. कल्पना नवी नाही. मर्सिडीजने 1995 साली चार निरनिराळ्या बॉड्या बसवता येणारी प्रायोगिक मोटार दाखवली आणि 2018 साली विजेवर चालणारी, प्रवासी आणि माल यांसाठी बॉडी बदलणारी ‘व्हिजन अर्बनेटिक’ही दाखवली, विक्रीला दोन्ही आल्या नाहीत.

अडते ते तळ आणि पेटी जोडणाऱ्या सांध्यापाशी. आमच्या नमुन्यात पेटीतल्या एसीला 3 किलोवॅट लागत. त्यासाठी 48 व्होल्टवर साठाहून अधिक अँपिअर आणि जाड तारा हव्यात, 400 व्होल्टवर साडेसात अँपिअर पुरतात, म्हणून मी 400 व्होल्टच सांध्यातून वर नेले. हा जोड रोज दोनदा उघडायचा आहे, असे एका सहकाऱ्याने बजावले होते. मी त्याला तारांचे वजन दाखवून गप्प केले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाऊस होता. पेटी बसली, चारही कुलपे लागली, हिरवा दिवा लागला आणि पाहुणे आत चढत असतानाच इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्रणेने मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, उघडून वीज तोडली. वीज बाहेर झिरपू न देणारा इन्सुलेशनचा रोध प्रति व्होल्ट 500 ओहम या आमच्या मर्यादेने किमान 2 लाख ओहम हवा होता; पडद्यावर 40 हजारही नव्हते. पाहुणे उतरून छत्र्या उघडून उभे राहिले. पेटी उचलून पाहिले, तर जोडाच्या रबरी कड्यावर वाळूचा एक कण होता आणि त्याच्या कडेने पाण्याची केसाएवढी रेघ आत गेली होती.

सुरक्षा यंत्रणेने आपले काम चोख केले, हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. पण रोज उघडणारा जोड मी कायम बंद राहणाऱ्या जोडासारखा आखला होता, ही चूक माझीच.

एका बॅटरीत दोन गाड्यांचे काम होईल, असे मी पूर्वी ठासून सांगत असे. मात्र दिवसरात्र राबणारी गाडी सावकाश चार्ज कधी होणार, आणि उतरवलेली पेटी, जी गाडीएवढीच जागा अडवते, कुठे ठेवणार, हे मी तेव्हा कागदावर मांडलेच नव्हते. आता सांध्यातून कमी धोक्याचे 48 व्होल्टच जातात आणि तारा जाड आहेत. पेटीऐवजी दुमडणारी आसने करावीत, असे तो सहकारी अजूनही म्हणतो. मी अजून मान्य केलेले नाही.