आमची वाटचाल : उभ्या गाडीचे तास

२००४ साली गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका टिप्परने आम्ही मालवाहतूक सुरू केली, तेव्हा ड्रायव्हरला काय द्यायचे हा प्रश्न आमच्यापुढे आलाच नाही, कारण त्याचे उत्तर खाणींच्या मुलखाने आधीच ठरवून ठेवले होते : खेपेला इतके रुपये. चीनकडून लोहखनिजाची मागणी वाढत होती. खाणीवर गाडी भरायची, मांडवीकाठच्या जेटीवर रिकामी करायची, तिथून बार्ज (नदीतल्या सपाट मालबोटी) माल घेऊन मुरगाव बंदराकडे जाणार आणि गाडी पुन्हा खाणीकडे वळणार, असे दिवसभर चालत असे. ज्याच्या खेपा जास्त त्याची कमाई जास्त, म्हणून रस्त्यावर शर्यत लागे, आणि पावसाळ्यात खाणी थांबल्या की ड्रायव्हरची मिळकतही थांबे. या पद्धतीत काही अन्याय आहे असे मला त्या वेळी वाटले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. उलट मेहनती माणसाला त्याच्या मेहनतीचे फळ रोजच्या रोज मिळते, असे मी चारचौघांत सांगत असे.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. त्या वेळी आमच्याकडे तीन टिप्पर होते आणि तिन्हींवर बँकेचे कर्ज होते. दोन टिप्पर पडेल किमतीत विकले, तिसरा बांधकामाच्या मालाला लावला आणि घरचे सोने गहाण ठेवून एक जुना ट्रक घेतला. २०१४ मध्ये बंदी उठली, २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे (लीजचे) नूतनीकरण रद्द होऊन खाणी पुन्हा थांबल्या, पण तोपर्यंत वेर्णा आणि कुंडई इथल्या औद्योगिक वसाहतींतला माल बेळगाव, कोल्हापूर आणि पुण्याला पोचवणे हाच आमचा मुख्य धंदा झाला होता. खाण सोडताना एकच गोष्ट आम्ही न तपासता बरोबर आणली, ती म्हणजे खेपेवर पगार.

खाणीच्या कामात ती पद्धत निदान समजण्यासारखी होती, कारण तिथे फेरी लहान होती आणि गाडी दिवसभर चालत राही. लांबच्या मालवाहतुकीत मात्र गाडी जितकी चालते तितकीच, कधी कधी त्याहूनही जास्त, उभी असते. हे माझ्या लक्षात आले ते २०१६ च्या पावसाळ्यात. आमचा एक ड्रायव्हर पुण्याहून परतीचा माल घेऊन येत होता. अनमोड घाट उतरताना पहाटे त्याचा डोळा लागला आणि गाडी कठड्याला घासत जाऊन थांबली. त्याला आणि क्लिनरला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मी संतापून विचारले, की आदल्या दिवशी गाडी दिवसभर पार्टीच्या, म्हणजे आम्हाला माल देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या, दारात उभी होती, तेव्हा झोप का काढली नाही? तो खाणीच्या दिवसांपासून आमच्याकडे होता, माझ्याहून वयाने मोठा. तो शांतपणे म्हणाला, “पात्रांव (मालक), गाडी उभी होती हे खरे, पण रांग दर वीस मिनिटांनी पुढे सरकत होती. आणि गाडी उभी असली, तरी मी काही घरी नव्हतो.”

त्या रात्री मी त्याची आधीच्या फेरीची डायरी काढून बसलो. सकाळी दहाला गाडी वेर्ण्याच्या कारखान्याच्या फाटकावर लागली. माल भरून, वजनकाटा करून, ताडपत्री बांधून, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) हातात पडेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले. फोंडा, मोले, अनमोड, बेळगाव, कोल्हापूर असे सुमारे साडेचारशे किलोमीटर अंतर रातोरात कापून तो दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुण्यातल्या गोदामापाशी पोचला. वाटेत जेवण आणि चहा मिळून दीड तास. तिथे माल उतरून पोच मिळायला पुन्हा संध्याकाळचे पाच वाजले. एकूण एकतीस तास, त्यांपैकी गाडी हाकण्याचे साडेअकरा. खेपेचे आम्ही १,२०० रुपये देत होतो, जेवणाचा भत्ता वेगळा. गाडी हाकण्याच्या तासांवर भागले तर तासाला शंभराच्या वर पडत होते आणि मी स्वतःला उदार समजायला मोकळा होतो. पण तो घराबाहेर होता त्या सगळ्या तासांवर भागले तर तासाला ३९ रुपयेही भरत नव्हते.

कायदा काय सांगतो हे मी तोपर्यंत कधी वाचलेच नव्हते. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, म्हणजे ज्या वर्षी गोवा मुक्त झाला त्याच वर्षीचा. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो लागू होता, आणि माझ्याकडे चारच ड्रायव्हर असल्यामुळे मी त्यातून सुटलो आहे अशी माझी समजूत होती. क्लिनरही कामगारांत मोजला जातो, हे आमच्या हिशेबनिसाने दाखवून दिले तेव्हा ती समजूत संपली. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, लांब पल्ल्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत सूट, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा तासांना दुप्पट दर, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. आता तो कायदा नव्या श्रम संहितेत सामावला गेला असला, तरी आठ तासांचा दिवस आणि जादा तासांचा दुप्पट दर तिथेही टिकून आहेत.

उभ्या गाडीच्या तासांबाबत मात्र त्या कायद्याचे शब्द मालकाला पळवाट देणारे होते. थांब्यावर नुसते हजर राहण्याचा पंधरा मिनिटांपर्यंतचा वेळ कामात धरावा असे त्यात म्हटले होते, आणि हे कलम मी एकदा एका ड्रायव्हरला वाचूनही दाखवले, याची आज लाज वाटते. कारण त्याच व्याख्येचा गाभा असा होता, की कामगार मालकाच्या किंवा त्याच्या सेवेवर हक्क असलेल्या दुसऱ्या कोणाच्या दिमतीला असतो तो वेळ कामाचा. फाटकाबाहेरच्या रांगेत स्टिअरिंग सोडून जाता येत नाही, कँटीनमध्ये बाहेरच्या ड्रायव्हरला प्रवेश नाही, सुरक्षारक्षक कधी हाक मारील सांगता येत नाही. हा माणूस दिमतीला नाही असे म्हणायला निगरगट्टपणा लागतो.

मालक खेपेचा दर का धरून ठेवतात, याचे कारण मला लोभापेक्षा भाड्याच्या रचनेत दिसते. डिझेल पंपावर रोख, टोल आता फास्टॅगमधून जागच्या जागी कापला जातो, बँकेचा हप्ता, विमा आणि टायर यांपैकी कोणाशीच घासाघीस चालत नाही. पार्टी मात्र आपले बिल साठ-नव्वद दिवसांनी चुकते करते आणि परतीचे भाडे तर कित्येकदा डिझेलपुरतेच सुटते. या सगळ्या खर्चांत दाबला तर दबणारा असा एकच असतो, तो ड्रायव्हर. माल चढवायला उशीर पार्टीने करायचा आणि त्याची किंमत ड्रायव्हरच्या झोपेतून वसूल व्हायची, ही व्यवस्था कोणी बसून ठरवलेली नाही, पण ती सगळ्यांच्या सोयीची आहे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि पत्रादेवी, मोले, केरी, पोळे इथल्या गोव्याच्या सीमेवरच्या कर-नाक्यांवरच्या रांगा गेल्या. प्रवासातले ते तास वाचले खरे, परंतु पार्टीने ते लगेच आपल्या वेळापत्रकात धरले आणि ड्रायव्हरच्या वाट्याला काही आले नाही. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्यासाठी लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याची, मुदत आज दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात, म्हणजे पुण्याच्या मालाला सरकार तीन दिवस देते. आमच्या पार्ट्यांना तो दुसऱ्या दिवशी सकाळीच हवा असतो.

२०१९ पासून आम्ही ठरावीक मासिक पगार आणि तासांची नोंद सुरू केली. फाटकावर गाडी लागल्यापासूनचा प्रत्येक तास कामाचा धरायचा आणि तीन तासांवर गाडी अडली तर पार्टीला हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याचा आकार, लावायचे, असे ठरले. एका पार्टीने पहिले बिल पाहून आमचे काम बंद केले. दोन पार्ट्या बिल स्वीकारतात आणि नंतर काहीतरी खोट काढून तेवढीच रक्कम कापतात. ही तूट आम्ही सोसतो, आणि म्हणूनच आमच्याकडे आज बारा नव्हे, सात ट्रक आहेत. दोन तरुण ड्रायव्हर खेपेवर पैसे देणाऱ्या ठिकाणी निघून गेले, कारण तिथे महिन्याला हातात जास्त पडते. त्यांना मी दोष देत नाही. एकाने ढाब्यावर चार तास काढून ते फाटकावरचे म्हणून लिहिले, जीपीएसमुळे ते कळले, आणि असे प्रकार यापुढेही घडतील हे धरूनच आम्ही चाललो आहोत. गणेश चवथीच्या आधीच्या आठवड्यात गोव्यात यायच्या मालाची गर्दी असते आणि नेमके तेव्हाच प्रत्येकाला गावी जायचे असते, त्यावर तर अजून कोणताही हिशेब बसलेला नाही.

आमच्यातही एक मतभेद शिल्लक आहे. गाडी हाकण्याच्या जादा तासांना आम्ही दुप्पट दर देतो, पण रांगेतल्या जादा तासांना एकपटच. घाटात डोळा लागलेल्या त्या ड्रायव्हरने गेल्या वर्षी निवृत्त होताना शेवटच्या हिशेबावर सही केली आणि हा दुजाभाव चुकीचा असल्याचे पुन्हा एकदा सांगितले. तत्त्वाने त्याचे म्हणणे मला पटते, सध्याच्या भाड्यात ते मी बसवू शकत नाही.

गाडी फाटकावर लागल्याची वेळ पार्टीनेच शिक्का मारून द्यावी, म्हणजे हॉल्टिंगचा वाद उरणार नाही, अशी मागणी आम्ही दोन वर्षांपासून करत आहोत. वेर्ण्यातल्या एका कारखान्याने ती मान्य केली. कुंडईतल्या एकाने आमच्या पत्रानंतर ड्रायव्हरांसाठी फाटकाजवळ स्वच्छतागृह बांधून दिले आणि पाण्याची टाकीही बसवली. वेळेचा शिक्का मात्र तो अजून मारत नाही.