तुम्ही विचारलंत म्हणून: फाशी असावी की नसावी?

फौजदारी वकिली करणाऱ्याला इंदूरच्या मराठी मंडळींत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "तुम्ही फाशीच्या बाजूचे की विरोधातले?" उत्तराला तोंड उघडायच्या आत दुसरा, "एकदा शिक्षा सुनावली, मग द्यायला इतकी वर्षं कशाला लागतात हो?" दुसऱ्याचा उलगडा झाला की पहिल्याचं अर्धं उत्तर हाती येतं, म्हणून सुरुवात तिथून.

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली म्हणजे काम झालं, असं पेपरातल्या मथळ्यांवरून वाटतं. कायद्याच्या दृष्टीने ती शिक्षा तेव्हा अर्धीच असते. फौजदारी खटले चालवण्याच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 407 प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 366) ती कायम करण्यासाठी उच्च न्यायालयाकडे पाठवावीच लागते. आरोपीने अपील केलं नाही तरीही. आपल्याकडे ती एम. जी. रोडवरच्या खंडपीठापुढे येते. किमान दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा पहिल्यापासून तपासतात, गरज वाटली तर नवा पुरावाही घेतात. मग सर्वोच्च न्यायालय, तिथे तीन न्यायमूर्ती. त्यानंतर पुनर्विचार याचिका. 2014 पासून फाशीच्या प्रकरणांत ती खुल्या न्यायालयात ऐकावी लागते. मग दयेचा अर्ज. कलम 472 मध्ये त्याला मुदत घातली आहे: अपील फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षकाने कळवल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा, राज्यपालांनी नाकारला तर 60 दिवसांत राष्ट्रपतींकडे. तोही नाकारला गेला तर नकार कैद्याला कळवल्यावर किमान 14 दिवस थांबावं लागतं. फाशीची तारीख ठरवणारं वॉरंट काढतं ते पुन्हा सत्र न्यायालयच, आणि सगळे कायदेशीर मार्ग संपण्याआधी ते काढता येत नाही. दिल्लीच्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्कार-खुनाच्या प्रकरणात 22 जानेवारी, 1 फेब्रुवारी, 3 मार्च आणि 20 मार्च 2020 अशा चार तारखा पडल्या, कारण चौघा दोषींचे अर्ज एकामागून एक येत राहिले. आता एकाच खटल्यातल्या सर्वांना अर्ज ठरलेल्या मुदतीतच करावे लागतात.

न्यायालयांना दोष देण्यापूर्वी एक बघा. लहान मुलांचं अपहरण आणि खून करणाऱ्या कोल्हापूरच्या दोन बहिणींची फाशी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द करून जन्मठेप दिली, ती त्यांच्या दया अर्जावर सरकारदरबारी सात वर्षांहून जास्त काळ गेला म्हणून. पुण्यात 2007 मध्ये बीपीओतल्या एका कर्मचारी महिलेवर बलात्कार करून खून झाला, त्या प्रकरणातल्या दोघा दोषींबाबत तर राष्ट्रपतींचा नकार 2017 मध्ये आला आणि वॉरंट निघालं 2019 मध्ये. मधल्या काळात फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. त्या दोघांना अखेर 35 वर्षांची कैद झाली आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

आता खरा मुद्दा. 1980 च्या बचन सिंग निकालाने 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच फाशी, असं ठरवलं. त्याचा दुसरा भाग लोक विसरतात, आणि कधी कधी न्यायालयंही विसरतात: गुन्हा किती भयंकर होता एवढंच नव्हे, तर तो करणारा माणूस कोण आहे आणि तो सुधारण्याची शक्यता खरोखरच संपली आहे का, हेही पाहायचं, आणि ती संपली आहे हे सरकारने दाखवायचं. 1983 च्या माछी सिंग निकालात गुन्ह्याच्या पाच बाजू मांडल्या गेल्या: पद्धत, हेतू, समाजावरचा परिणाम, व्याप्ती, बळी कोण. ही यादी हाताशी आल्यावर माणसाकडे पाहायचं राहून जाऊ लागलं. रावजी नावाच्या कैद्याला 1996 मध्ये राजस्थानात फाशी झाली. त्याच्या निकालात फक्त गुन्हा तोलला होता आणि ते बचन सिंगशी विसंगत होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच 2009 मध्ये सांगितलं. तेव्हा तो जाऊन तेरा वर्षं झाली होती.

शिक्षेची सुनावणी प्रत्यक्षात कशी होते? दोष सिद्ध झाला की कायद्याने शिक्षेवर वेगळं ऐकून घ्यायचं असतं. बरेचदा ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उरकतं. सरकारने दिलेला वकील उभा राहतो आणि म्हणतो, "आरोपी गरीब आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत." झालं. शाळा कितवीपर्यंत, लहानपणी घरात काय घडलं, डोक्याला मार लागला होता का, मानसिक आजार होता का, तुरुंगात वागणूक कशी आहे, यातलं एक कागदपत्र फाइलवर नसतं. ते गोळा करायला गावी जावं लागतं, जुने शिक्षक आणि नातेवाईक शोधावे लागतात, दवाखान्याचे कागद मिळवावे लागतात. आठवडे जातात, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा सर्वात नेमका प्रयत्न ज्या निकालात झाला, तो आपल्याच इंदूरचा आहे. जून 2011 मध्ये शहरातल्या श्रीनगर भागातल्या एका घरात आजी, मुलगी आणि नात अशा तिघींचा लुटीसाठी खून झाला. शहरातलं मराठी घर ते विसरलेलं नाही. तिन्ही आरोपींना फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. 20 मे 2022 ला मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून शिक्षा किमान 25 वर्षांच्या जन्मठेपेवर आणली, आणि पुढच्या खटल्यांसाठी नियम घालून दिला: आरोपीची मानसिक तपासणी, कुटुंब, शिक्षण, मिळकत, पूर्वीचे गुन्हे यांची माहिती सरकारने खटल्याच्या टप्प्यावरच द्यायची, तुरुंगातल्या वागणुकीचा आणि कामाचा अहवाल मागवायचा, आणि आरोपीला उत्तरासाठी वेळ द्यायचा. अनेकांना हा निकाल कडू लागला. लागणारच. पण त्याने कोणाला निर्दोष ठरवलेलं नाही.

चुकांचं काय? नाशिकजवळच्या 2003 च्या दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. त्यांतल्या तिघांना उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली होती, तीही वाढवून. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. मधली दहा वर्षं सरकारी टेबलं ढिली नसती तर सोडायला कोण उरलं असतं, हे घाई करा म्हणणाऱ्यांनी सांगावं. सत्र न्यायालयाच्या शंभर फाशींपैकी शेवटपर्यंत साधारण पाचच टिकतात, असं दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या 2016 च्या अहवालात आलं. फाशीच्या कैद्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुबळे, हेही त्यातलंच. (इंदूरकरांना हे नवं नसावं. मुंबईतल्या बावला या व्यापाऱ्याच्या खुनाच्या 1925 च्या खटल्यात होळकर दरबारातले दोघे फासावर गेले. इंदूरचे राजे तुकोजीराव महाराजांनी मात्र 1926 मध्ये चौकशीऐवजी गादी सोडणं पत्करलं.)

आता फाशीच्या बाजूचे मुद्दे. फाशीने धाक बसतो, हा त्यांतला सर्वात कमजोर; गुन्हेगार शिक्षेचं प्रमाण नव्हे, पकडलं जाण्याची शक्यता तोलतो. उलट डिसेंबर 2017 मध्ये आपल्या मध्य प्रदेश विधानसभेने बारा वर्षांपर्यंतच्या मुलींवरच्या बलात्काराला फाशीचं विधेयक संमत केलं, तेव्हा एक साधी भीती बाजूला राहिली: बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा असेल, तर एकुलत्या साक्षीदाराला जिवंत कशाला ठेवायचं? शिवाय आरोपी बहुतेकदा ओळखीचा असतो. काकाला फाशी होईल या विचाराने घरचेच तक्रार दाबतात.

ज्याला उत्तर देणं खरंच कठीण जातं तो मुद्दा वेगळा आहे. जन्मठेपवाला सुटतो. कायद्यात जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे 1961 च्या गोपाळ गोडसे निकालापासून स्पष्ट आहे. 14 वर्षं ही सुटकेचा विचार करण्याआधीची किमान मर्यादा आहे. पण सुटका सरकारच्या हाती असते. गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो प्रकरणातले अकरा जण ऑगस्ट 2022 मध्ये बाहेर आले, त्यांचं स्वागत झालं, आणि जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांना परत आत पाठवावं लागलं. हे पाहिल्यावर कोणी "म्हणूनच फाशी द्या" म्हणालं तर मला राग येत नाही. यावर उपाय मात्र 2008 च्या श्रद्धानंद निकालापासून आहे: उच्च आणि सर्वोच्च न्यायालय 25, 30, 35 वर्षं किंवा आमरण, सूट न देता कैद देऊ शकतात. सत्र न्यायालयाला तो अधिकार नाही, म्हणून खाली निवड फाशी आणि साधी जन्मठेप एवढीच उरते. तो अधिकार कडक अटींसह खाली दिला, तर निम्म्या फाशी तिथेच थांबतील असा माझा अंदाज आहे.

तर माझं मत विरोधात आहे, आणि ते दयेपोटी नाही. इथून जवळच महूला जन्मलेल्या बाबासाहेबांनी 3 जून 1949 ला संविधान सभेत फाशी पूर्णपणे रद्द करावी असं म्हटलं होतं. 2015 मध्ये विधी आयोगाने दहशतवाद आणि युद्ध पुकारणं वगळता बाकी सगळीकडे ती काढावी म्हटलं. माझ्या मते तो अपवादही टिकत नाही, कारण ज्या खटल्यांत लोकांचा दबाव सर्वाधिक, त्यांतच तपासातली घाई सर्वाधिक असते.

राहिला तो प्रश्न, जो जवळपास कोणी विचारत नाही: मागे राहिलेल्या घराचं काय? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खाली बळीच्या कुटुंबाला भरपाई मिळते. त्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि बँक पासबुक ठेवा. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या, आणि दोन महिने उलटले तर लेखी स्मरणपत्र द्या.