वलांडीवरचा माझा पहिला हिवाळा

लग्न होऊन मुंबईतल्या वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) कोळीवाड्यात येईपर्यंत सुक्या बोंबलाशी माझा संबंध तो बाजारातून आणून निखाऱ्यावर भाजण्यापुरताच होता. तो वाळवायचा कसा, हे मी २०१७ च्या हिवाळ्यात सासूबाईंच्या शेजारी बसून शिकले आणि हे काम वाटले होते त्याहून फार अवघड निघाले.

आमची नाव डोलीची. समुद्रात रोवलेल्या खुंटांना पिशवीसारखे जाळे बांधलेले असते, भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते आणि पाण्याचा जोर मंदावला की जाळे उचलतात. त्यामुळे नाव धक्क्याला कधी लागेल हे पाण्याच्या हिशेबावर ठरते, आणि डिसेंबरच्या थंडीत ती वेळ पहाटेची आली, तरी बायका पदर डोक्यावर घट्ट ओढून टोपल्यांसह हजर असतात. ओल्या बाजारात जाण्यासारखा माल लगेच बर्फात जातो. उरलेला बोंबील मात्र त्याच सकाळी वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायला बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर, चढावा लागतो, कारण त्याच्या अंगात जवळपास ८५ ते ९० टक्के पाणी असते आणि तो बघता बघता मऊ पडतो.

खरे कसब जोडी लावण्यात आहे. धुतलेले दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूंना ताणलेल्या दोरीवर अशी टाकायची, की एक मासा अलीकडे लोंबेल आणि दुसरा पलीकडे. बोंबलाचे बारीक, आत वळलेले दात एकमेकांत असे रुततात की वेगळा दोरा लागत नाही. तेच दात माझ्या बोटांतही रुतत आणि खाऱ्या पाण्याने प्रत्येक ओरखडा झोंबे. शिवाय दोन्ही मासे सारख्या वजनाचे निवडावे लागतात. मी लावलेल्या जोड्या जड बाजूला घसरून वाळूत पडत, आणि वाळू लागलेल्या मालाला भाव येत नाही. सासूबाई एकदाही रागावल्या नाहीत. पडलेली जोडी उचलून, धुऊन त्या पुन्हा माझ्याच हातात देत.

हात जरा बसू लागला आणि ओखी वादळ आले. ४ आणि ५ डिसेंबरला मुंबईत पाऊस झाला. आम्ही रात्री धावत जाऊन अर्धवट सुकलेला माल उतरवला, ताडपत्रीखाली झाकला. पण दोन दिवसांत त्याला वास सुटला आणि तो खतासाठी द्यावा लागला. तीन दिवसांच्या श्रमांचे ते ओले ढीग पाहून मी रडले. उत्तरेचा कोरडा वारा सुटला तर बोंबील दोन-तीन दिवसांत कडक होतो, हे मी ऐकले होते. त्या वाऱ्यावर घरातले किती काही अवलंबून आहे, हे मला तेव्हा उमगले.

आभाळ मोकळे झाल्यावर आम्ही दोऱ्या पुन्हा ताणल्या. जानेवारीत एका दुपारी सासूबाईंनी माझ्या दोरीवरचा एक बोंबील काढून वाकवला, तो कडकन मोडला, आणि काही न बोलता त्यांनी ती पूर्ण दोरी पावसाळ्यासाठी घरात ठेवायच्या मालात घातली.