सीतेची आसवं आणि पुतण्याचा जुना फोन

गेल्या वर्षापर्यंत मी सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, फुलांचे फोटो काढायला चक्क पालथी पडत असे. जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद, अंगावर रेनकोट, हनुवटी ओल्या मातीला टेकलेली आणि डोळा कॅमेऱ्याला. सीतेची आसवं बघायची तर दुसरा मार्गच नव्हता. जांभळं फूल जेमतेम सेंटिमीटरभराचं, त्याची दांडी बोटाएवढी. उभ्याने बघितलं तर सडाभर नुसती जांभळी झाक दिसते. फुलाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा तर आपणच खाली जायला हवं.

मग दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी मांडी घालणं, उकिडवं बसणं, जमिनीवरून उठणं सगळं बंद करायला सांगितलं. ऑगस्टमध्ये पुतण्याने हात धरून मला सड्यावरून उठवलं तेव्हा मी सहज मागे वळून पाहिलं. मी पडले होते तिथे माझ्या अंगाच्या मापाचा चपटा आकार उमटला होता. किती फुलं त्याखाली गेली ते मी मोजलं नाही, मोजवेना. तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, फुलं तोडू नका म्हणून सांगितलं, आणि फोटोसाठी मीच ती चिरडत होते. गुडघ्यांपेक्षा ते दृश्य मला जास्त लागलं.

माझा कॅमेरा कॅननचा १५००डी. त्याला अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी १०० मिमीची मॅक्रो लेन्स लावते, ती कोल्हापूरहून जुनी घेतलेली. कॅमेरा साधा आहे पण माझ्या कामाला पुरतो. अडचण एकच, त्याचा मागचा ३ इंची पडदा कॅमेऱ्याला पक्का चिकटलेला आहे, वर वळत नाही. कॅमेरा जमिनीला टेकला की पडदा बघायला डोकंही जमिनीलाच टेकावं लागतं. पडदा फिरणारा नवा कॅमेरा घेण्याएवढे पैसे नव्हते. पुतण्या म्हणाला, “काकू, माझा जुना फोन पडलाय ना, त्याचाच पडदा करू.”

आम्ही आधी वायफाय करून पाहिलं. १५००डी स्वतःचं वायफाय सोडतो, फोन त्याला जोडायचा आणि कॅमेरा कनेक्ट नावाचं कॅननचं ॲप उघडायचं. कॅमेऱ्याला दिसतं ते फोनवर दिसतं, फोनवर बोट ठेवलं की तिथे फोकस होतो, फोनवरूनच फोटोही काढता येतो. घरी मात्र फोन सारखा म्हणे, या वायफायवर इंटरनेट नाही, आणि आपणहून मोबाइल डेटाकडे पळे. तेव्हा डेटा आधी बंद करायचा. सड्यावर रेंजच नसते, त्यामुळे तिथे तो प्रश्न आला नाही.

खरी अडचण वाऱ्याची निघाली. कॅमेरा लहान लहान चित्रं हवेतून पाठवतो, फोन ती उलगडून दाखवतो, आणि यात वेळ जातो. पुतण्याने स्टॉपवॉच चालू करून कॅमेरा त्यावर रोखला आणि स्टॉपवॉच नि फोन दोघांचा मिळून एक फोटो काढला. दोन आकड्यांमध्ये एक तृतीयांश सेकंदाचा फरक होता. स्वयंपाकघरातल्या बरणीचा फोटो काढताना तेवढ्याने काही बिघडत नाही. सड्यावर वारा थांबल्याचं मला फोनवर दिसेपर्यंत फूल पुन्हा डोलायला लागलेलं असायचं.

त्यात लेन्स पूर्ण जवळ नेली, म्हणजे फूल जेवढं आहे तेवढंच कॅमेऱ्याच्या आतल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर पडतं, की लेन्सचं भोक एफ/८ एवढं बारीक केलं तरी स्पष्ट दिसणारा थर अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर असतो. परागकोश स्पष्ट आला तर पाकळीची कड धूसर. आपला श्वास लागला तरी फूल त्या थरातून बाहेर जातं. इथे उशिरा दिसणं म्हणजे न दिसणंच.

म्हणून तार. पण या तारेबद्दल आमचाच आधी गैरसमज झाला होता, तेव्हा नीट सांगते. पुतण्याने पहिल्यांदा आणली ती फोनच्या टाइप-सी भोकातून एचडीएमआय काढणारी केबल. तिने काहीच झालं नाही, होणारही नव्हतं. ती केबल फोनचं चित्र टीव्हीवर नेते, बाहेरचं चित्र फोनमध्ये आणत नाही. सोनीने २०२१ मध्ये एक्सपिरिया प्रो नावाचा फोन काढला होता, त्याला एचडीएमआय आत घेणारं वेगळं भोक होतं. आपल्या नेहमीच्या फोनला ते नसतं. त्यासाठी मध्ये कॅप्चर कार्ड लागतं. अंगठ्याएवढी डबी, एका बाजूला एचडीएमआय, दुसऱ्या बाजूला यूएसबी. ती कॅमेऱ्याच्या चित्राचं वेबकॅमच्या भाषेत रूपांतर करते आणि फोनला वाटतं, आपल्याला एक वेबकॅम जोडलाय. साधं कार्ड हजाराच्या आत मिळालं.

जोडणी अशी: कॅमेऱ्याच्या बाजूचं रबरी झाकण उघडून मिनी एचडीएमआय केबल, ती कार्डात, कार्ड ओटीजीच्या, म्हणजे फोनला यूएसबीच्या वस्तू जोडणाऱ्या, तुकड्यात, ओटीजी फोनमध्ये. केबल घेताना तिचं टोक बघून घ्या, मिनी आणि मायक्रो ही दोन वेगळी टोकं आहेत. फोनवर यूएसबी कॅमेरा दाखवणारं कुठलंही ॲप चालतं. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि वापरलं नाही की थोड्या वेळाने ते आपोआप बंद होतं. आमच्या फोनचं तसंच आहे. हे कळेपर्यंत मी दोनदा कार्डालाच दोष दिला. हे सगळं अँड्रॉइडचं. यूएसबी-सी असलेल्या आयपॅडवर हे आयपॅडओएस १७ पासून चालतं. आयफोनच्या भरवशावर मात्र असं साधं कार्ड विकत घेऊ नका.

पहिल्यांदा केबल खोचली आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा पडदा काळा झाला. काळजात धस्स झालं. तो बिघाड नव्हे, या कॅमेऱ्याची रीतच तशी आहे. एचडीएमआय जोडलं की चित्र बाहेर जातं, मागे काही दिसत नाही.

चित्र आलं, पण अडखळत, सेकंदाला पाचेक चित्रं. ॲपमध्ये दोन पर्याय होते, वाययूवाय२ आणि एमजेपेग. इथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली, कागद-पेन्सिल घेतली. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला २ बाइट, सेकंदाला ३० चित्रं: म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख बाइट, जवळजवळ १००० मेगाबिट. कार्डाचं यूएसबी २.० आहे, त्याची कमाल वहनक्षमता ४८० मेगाबिट. घागरीच्या तोंडातून हौद कसा ओतणार? वाययूवाय२ म्हणजे न दाबलेलं चित्र, ते मावत नाही. एमजेपेग निवडलं, कार्डाने चित्र दाबून पाठवलं आणि सगळं सुरळीत झालं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४के लिहिलेलं असतं. ते आत घेण्यापुरतं, बाहेर १०८०च येतं. उशीर पुन्हा मोजला: एक दशांश सेकंदाच्या थोडा वर. एवढ्यात वाऱ्याशी जुळवून घेता येतं.

एक गमावलं ते सांगायला हवं. तारेने चित्र फक्त येतं. फोनवर बोट ठेवून फोकस होत नाही, फोटोही निघत नाही. फोकस हाताने लेन्सची कडी फिरवून, आणि फोटो तारेच्या रिमोटने. मॅक्रोला मी तसंही हातानेच फोकस करते. कॅमेऱ्यावरचं मोठं करायचं बटण दाबलं की फोनवर ५ पट, मग १० पट दिसतं. फोनचा पडदा साडेसहा इंची असला तरी तो लांबुडका, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. तरीही चित्र कॅमेऱ्याच्या पडद्याच्या अडीचपट भरतं. कडेला कॅमेऱ्याची चिन्हं आणि फोकसची चौकट दिसतात, पण माझा फोटो कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर उतरतो, त्यावर ती येत नाहीत. ज्यांना फोनमध्येच चित्रीकरण करायचं असेल त्यांनी आपला कॅमेरा चिन्हांशिवाय स्वच्छ चित्र बाहेर देतो का ते आधी बघावं. आणि लग्नं शूट करणाऱ्यांनी सरळ फील्ड मॉनिटर, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायचा तयार पडदा, घ्यावा, भर मुहूर्तावर ओटीजी बंद पडून चालायचं नाही.

आता माझी बैठक अशी असते. मोरीतलं प्लॅस्टिकचं स्टूल उघड्या कातळावर, जिथे फुलं नाहीत तिथे. दीड मीटरची केबल. कॅमेरा फुलांच्या मधल्या एखाद्या बोडक्या जागी, कापडी पिशवीवर. पिशवीत आधी तांदूळ भरले होते, ते पावसाने फुगले. आता चिंचोके आहेत, कॅमेरा त्यात छान रुतून बसतो. केबलचा एक वेढा कॅमेऱ्याच्या पट्ट्याला रबराने बांधते, म्हणजे पाय अडकला तरी हिसका त्या नाजूक भोकाला बसत नाही. झाकण उघडं राहतं म्हणून वरून अंघोळीची प्लॅस्टिक टोपी. कॅमेऱ्याच्या दोन जादा बॅटऱ्या बरोबर, कारण मागचा पडदा बंद असला तरी सेन्सर सतत चालू असतो. कार्डही फोनचीच वीज खातं.

फोनचा उजेड फसवतो, हेही मी चूक करून शिकले. पहिल्या दिवशीचे सगळे फोटो घरी काळपट निघाले. फोनने उन्हात आपोआप उजेड वाढवला होता आणि मला वाटलं, फोटोच उजळ येतायत. आता आपोआप उजेड बंद, रंग ‘नॅचरल’वर, आणि विश्वास फक्त हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखावर. ऊन जास्त झालं की फोन तापून स्वतःच मंद होतो. छत्री फोनवर धरायची, आपल्यावर नव्हे.

दीपकाडीचं फूल जूनमध्ये येतं, ती उंच, तिला नुसतं वाकलं तरी पुरतं. ही सगळी खटपट ऑगस्ट-सप्टेंबरच्या बुटक्या फुलांसाठी. त्यात दवबिंदू नावाचं किडे खाणारं झाड आलं. त्याच्या पानावरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. एक चिलट त्यात अडकलं होतं. पालथी पडून मी एका जागी दहा मिनिटंसुद्धा टिकत नव्हते. स्टुलावर बसून त्या दिवशी पाऊण तास बघितलं. केस एकेक करून चिलटाकडे कलत होते, इतके हळू की वाकताना दिसतच नव्हते, वाकल्यावरच कळत होतं. पुतण्याची मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. “काकूआजी, हे झाड जेवतंय का?” मी तिला जांभ्याची निकस माती सांगितली, नायट्रोजन सांगितला. सीतेच्या आसवांचे सापळे तर मातीच्या आत असतात, बारीक पिशव्या, डोळ्याचं पातं लवायच्या आत किडा ओढून घेतात, हेही सांगितलं. कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, डोळा लावायच्या खिडकीत, एकच डोळा मावतो. हे सगळं आम्ही तीन डोकी एकत्र बघत होतो.

गुरं घेऊन आलेल्या एक मावशी काय चाललंय ते बघायला थांबल्या. वाडीतल्याच, जन्म या सड्यावर गेलेला. मी फोन त्यांच्याकडे वळवला. पडदाभर एकच जांभळं फूल, मधे फिकट ठिपका, पाकळीवर पाण्याचा थेंब.

“कुठचं गो हे?”

“इथलंच, मावशी. तुमच्या पायाशी आहे.”

त्यांनी खाली पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग एक पाय उचलला, थोडा वेळ तसाच अधांतरी धरला आणि बाजूच्या कातळावर टेकवला. दुसराही. “आसवं ही,” त्या म्हणाल्या, “आई दाखवायची.” आणि गुरांना हाळी देत कातळा-कातळावरून पुढे गेल्या.

पुढच्या रविवारी पाऊस नसेल तर पुन्हा जाणार आहे. पिशवीतले चिंचोके ओटीवर वाळत घातलेत.