यीस्टला कसला आलाय ताण?

यीस्टवर काम करते म्हटलं की समोरचा हमखास हसतो. "त्याला ना मेंदू ना नसा, त्याला कसला आलाय ताण?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

साखर संपली, तापमान चढलं, मीठ वाढलं, की पेशीतल्या सुमारे ६,००० जनुकांपैकी ९००च्या आसपास जनुकांचं काम बदलतं. हे २००० साली स्टॅनफर्डमध्ये मोजलं गेलं. संकट कुठलंही असो, यादी बरीचशी तीच. त्यातली साधारण ६०० जनुकं चक्क मंदावतात, आणि त्यात रायबोसोम, म्हणजे प्रथिनं तयार करणारी पेशीतली यंत्रं, बनवणारी पुष्कळ. वाढीतला सगळ्यात मोठा खर्च तोच, त्यामुळे हात आखडता घ्यायचा तो आधी तिथे. उरलेली ३०० चढतात: ट्रेहॅलोज साखर साठवणारी, पेशीला घातक पेरॉक्साइड निपटणारी, बिघडलेली प्रथिनं सावरणारी.

ही चढणारी जनुकं जागी करण्यात मोठा वाटा एमएसएन२ या प्रथिनाचा. ग्लुकोज मुबलक असताना पीकेए नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवून केंद्रकाबाहेर ठेवतं. एमएसएन२ला हिरवा चमकणारा टॅग जोडला की हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. आधी अख्खी पेशी फिकट हिरवी असते. ग्लुकोज धुऊन काढलं की काही मिनिटांत सगळा हिरवा रंग केंद्रकात गोळा होतो, एकच ठसठशीत ठिपका. ग्लुकोज परत घाला, ठिपका विरतो. कितीही वेळा पाहिलं तरी मला कंटाळा येत नाही.

आता कुणालाही वाटेल, हा सगळा खटाटोप आलेल्या संकटातून वाचण्यासाठी. तसं नाही. एमएसएन२ आणि त्याचं भावंड एमएसएन४ दोन्ही काढून टाकली, तरी पहिला सौम्य झटका पेशी बऱ्यापैकी सोसतात. मार खातात त्या नंतरच्या जबर झटक्यात. धडधाकट पेशींना आधी ३७ अंशांवर थोडा वेळ ठेवलं, तर पुढे जीवघेण्या उष्णतेतही त्यांच्यातल्या कितीतरी जास्त तगतात. म्हणजे ही पुढची बेगमी. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांत 'ताण' पासून 'बचाव' पर्यंत सरळ बाण काढतात, तो मला म्हणूनच खटकतो.

तुमच्या ओट्यावरचं कोरडं यीस्ट याच बेगमीवर जगतं. कारखान्यात वाढ संपता संपता त्याला उपाशी ठेवतात, म्हणजे ट्रेहॅलोज साठतं आणि सुकवतानाही पेशीचं पटल शाबूत राहतं. भिजवायला पाणी मात्र कोमटच घ्या. गार पाण्यात ते पटल सावरायच्या आत गळतं, आणि पाव नीट फुगत नाही.