पुढचा पट्टा

गेल्या महिन्यात एका दुपारी टपाल बघायला बाहेर गेले, तर दारासमोरच्या ॲशच्या बुंध्यावर केशरी पट्टा. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आहे!’

पायात सपाता, हातात विजेचं बिल, घर वीस पावलांवर, आणि मला वाट सापडल्याचा आनंद. मग डोक्यात उजेड पडला. हा पट्टा वाटेचा नव्हता, तोडीचा होता. झाडाचा शेंडा दोन वर्षांपासून वाळत होता. ॲशची साल आतून पोखरणारा तो हिरवा, चकचकीत किडा २००७ मध्ये पेन्सिल्व्हेनियात सापडला आणि तेव्हापासून इथल्या ॲशची काही धडगत राहिलेली नाही.

पण माझ्या डोळ्यांना कोण समजावणार? चार वर्षं आम्ही दोघं मिड स्टेट ट्रेल चालतोय. मेरीलँडच्या हद्दीपासून न्यूयॉर्कच्या हद्दीपर्यंत पेन्सिल्व्हेनिया उभा कापत जाणारी, झाडांवरच्या केशरी पट्ट्यांनी दाखवलेली, ३३० मैलांच्या आसपासची वाट. ब्युकॅनन, रॉथरॉक, बाल्ड ईगल, टायोगा अशी एकामागून एक राज्याची जंगलं तिच्यावर लागतात. सलग चालणारे लोक असतात, पाठीवर घर घेऊन. आम्ही शनिवारवाले. एक गाडी या टोकाला, एक त्या टोकाला, मधला तुकडा पायी. गाड्या लावण्यात सकाळ जाते आणि त्यावरून होणाऱ्या वादात पहिला चढ.

या वाटेवर मला फार आवडणारी एक गोष्ट म्हणजे तिचं मार्गदर्शक पुस्तक किलोमीटरमध्ये बोलतं. मैलांच्या देशात! टॉम थ्वेट्स नावाचे पेन स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांनी १९६९ साली या वाटेचं काम सुरू केलं. भौतिकशास्त्राचा माणूस, मैल त्याला पटले नसावेत. मलाही पटत नाहीत. इतकी वर्षं इथे राहून गाडीत मैल कळतात, पण पायांना अजून किलोमीटरच कळतो. ‘चार किलोमीटर राहिले’ म्हटलं की पोटऱ्या आपोआप हिशोब करतात. ‘अडीच मैल’ म्हटलं की त्या माझ्याकडे बघतात.

बाकी वाट दुष्ट आहे. डोंगराच्या धारेवर मैलोगणती (बघा, आला मैल) सुटे दगड, विळीच्या पात्यासारखे उभे. नजर खाली ठेवावी तर झाडावरचा पट्टा चुकतो, वर ठेवावी तर घोटा जातो. शिवाय उन्हाळ्यात त्याच दगडांवर रॅटलस्नेक उन्हं खात पडलेला असतो. आम्हाला एकदाच दिसला. खुळखुळा वाजवून त्यानं सभ्यपणे कल्पना दिली आणि आम्हीही सभ्यपणे लांबून वळसा घातला. जूनमध्ये मात्र माउंटन लॉरेल फुलतो, आणि मग ना दगड दिसतात ना पट्टे.

पट्टे म्हणजे दोन इंच रुंद, सहा इंच उंच, केशरी. चालणारे त्यांना ब्लेझ म्हणतात. एक असेल तर सरळ चाला, एकावर एक दोन असतील तर सावध व्हा, पुढे वळण आहे. बस्स, एवढंच व्याकरण. केशरी रंग कुणी ठरवला ते मला ठाऊक नाही, पण त्यानं ऑक्टोबरचा विचार केलेला नव्हता. ऑक्टोबरमध्ये मेपल पेटतात तेव्हा अख्खं जंगल म्हणतं, इकडे या, इकडे या.

प्रत्येक पट्टा दिसला की मी ‘आहे’ म्हणते. मोठ्यानं. नवरा वैतागतो. ‘अगं, हजेरी घेतेस का झाडांची?’ हो, घेते. गैरहजर कोण ते कळायला नको?

एका नोव्हेंबरात बाल्ड ईगलच्या जंगलात असाच गैरहजेरीचा प्रसंग आला. शिकारीचे दिवस, म्हणून दोघांच्या अंगात भडक केशरी बंड्या, जंगलात आम्हीच काय ते पट्टे. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मी एकदाही ‘आहे’ म्हटलं नव्हतं.

‘अरे, पट्टा नाही दिसला.’

‘येईल पुढे.’

नवऱ्याचं हे ‘येईल पुढे’ मी लग्नापासून ऐकतेय. बस येईल पुढे, पंप येईल पुढे. नियम असा की शेवटचा पट्टा पाहिला तिथपर्यंत मागे जायचं. पण शेवटचा कोणता, यावर आमचं एकमत होईना. मी म्हणे ओढ्याकाठच्या हेमलॉकवर, तो म्हणे त्यानंतर एक ओकवर होता. त्याचा ओक काही सापडला नाही. शेवटी मी सहज मागे वळून पाहिलं, तर एका बर्चच्या पाठीवर पट्टा. उलट दिशेनं येणाऱ्यांसाठी काढलेला. म्हणजे आम्ही वाटेवरच होतो, आमच्या बाजूचं झाड तेवढं पडलं होतं. तेव्हापासून मी दर थोड्या वेळानं वळून बघते. नवऱ्याच्या मते हे हजेरीपेक्षा वाईट.

लहानपणी मे महिन्यात आत्याकडे जमलो की आम्ही बाणांचा खेळ खेळायचो. एका टोळीनं खडूनं बाण काढत पळायचं, दुसरीनं शंभर आकडे मोजून माग काढायचा. विजेच्या खांबावर, पायरीवर, हौदाच्या कडेवर बाण. खोटे बाणही चालायचे, किंबहुना सगळी मजा त्यातच होती. मला ते जमायचं नाही. खोटा बाण काढायची पाळी आली की मी त्याच्या शेपटाशी बारीकशी फुली करायचे, म्हणजे फार लांब जाऊ नयेत बिचारे. आमची टोळी दर वेळी पकडली जायची आणि का ते कुणालाच कळायचं नाही. एकदा मोठ्या दादानं रस्ताभर सुंदर, ठसठशीत बाण काढत नेले, शेवटचा बाण नदीकडे वळवला आणि स्वतः घरी जाऊन आंबे खात बसला. आम्ही दिवेलागणीपर्यंत नदीवर. अजून भेटला की हसतो.

हे आता कुठून आठवलं? हां, विश्वास. अनोळखी माणसानं झाडाला रंग फासलाय आणि आपण त्याच्या मागे दिवसभर डोंगर चढतोय. त्यानं शेवटचा बाण नदीकडे वळवला नसेल कशावरून?

ते बघावं म्हणून गेल्या वसंतात मी एक दिवस रंगवायला गेले. ही कामं करणारे बरेचसे निवृत्त लोक, आणि सगळं फुकट. मला शिकवणारे आजोबा सत्तरी ओलांडलेले. आधी सैल साल हलक्या हातानं खरवडायची, आतलं हिरवं दिसू द्यायचं नाही. मग रंग. ओघळ आला तर लगेच पुसायचा, ओघळलेला पट्टा त्यांना खपत नव्हता. मी एका झाडाला पुढून रंग लावला आणि लगबगीनं मागूनही लावायला गेले, तर त्यांनी ब्रश धरला. एका वेळी एकच दिशा, म्हणाले. परतीचे पट्टे परत चालत येतानाच काढायचे. उभ्या उभ्या अंदाज करायचा नाही, तिकडून येणाऱ्याच्या डोळ्यात कुठलं झाड भरतं ते तिकडून आल्याशिवाय कळत नाही.

त्या दिवशी मधेच एका ठिकाणी वाट एकदम मवाळ झाली. दगड नाहीत, चढ अगदी एकसारखा. आजोबा म्हणाले, इथून लाकडांची रेल्वे जायची. शतकापूर्वी हे डोंगर बोडके होते. पाइन लाकडासाठी गेले, हेमलॉक सालीसाठी. साल कातडी कमावायला लागायची, सोललेले ओंडके पुष्कळदा तिथेच कुजत पडायचे. मागे राहिलेल्या काटक्यांना वणवे. ज्यांच्या नावाचं जंगल आहे ते रॉथरॉक पेशानं डॉक्टर होते, १८९५ साली राज्याचे पहिले वन आयुक्त झाले, आणि पुढे काही वर्षांतच सरकार ही ओसाड जमीन विकत घेऊ लागलं. आज राज्याकडे २२ लाख एकर जंगल आहे. म्हणजे मी ज्यांची हजेरी घेते त्यातली बहुतेक झाडं माझ्या पणजीच्या वयाची. मला वाटायचं, पुरातन अरण्यात फिरतोय. त्या जंगलातही तोडीच्या झाडांना रंगानंच खुणा करतात. झाडाला दोन्ही रंग सारखेच.

आमचा ॲश पुढच्या गुरुवारी गेला. सकाळी माणसं आली, जेवणाच्या सुमारास रस्त्यावर नुसता भुसा. पट्टा असलेला ओंडका ट्रकमध्ये चढवताना मी खिडकीत होते. ‘आहे’ वगैरे काही म्हटलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी भाजी घेऊन येत होतो. गाडी मी चालवत होते. एकसारखी घरं, एकसारखी टपालपेट्यांची रांग, आणि मी गप्पा मारत मारत सरळ पुढे. शेवटची घरं मागे पडली तरी आमचं दार आलं नाही. इतकी वर्षं मी घर बघून थांबतच नव्हते, झाड बघून थांबत होते, हे मला तेव्हा कळलं.

‘अरे, घर गेलं वाटतं मागे.’

नवरा फोनमध्ये बघत होता. म्हणाला, ‘येईल पुढे.’